काट्यावरच्या चपला

नागपूर,
वैशाख पौर्णिमेनंतरचा गुरुवार

प्रिय रोहित,

हातात मोबाईल असताना पत्र काय लिहितेस, असं तू लिफाफा फोडायच्या आधीच म्हणशील. म्हण. कारण शेवटी सांगणार आहे, आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, तेव्हा नीट सुरुवातीपासून वाच. मूर्ती सावनेरहून निघाल्याचा फोटो तुला गावातल्या कोणीतरी पाठवला असेलच. मी डोक्याला दुपट्टा बांधून गाडीच्या पायरीवर उभी आहे आणि बाबा माझ्या मागून मान उंच करून कॅमेऱ्यात यायला बघताहेत, तो. त्यानंतर उमरेड रोडवर काय झालं ते मात्र तुला कोणी कळवलेलं नाही, कारण मीच सगळ्यांना तंबी दिली आहे. तुझ्या आईलासुद्धा. आणि तुझी आई चक्क गप्प बसली आहे, एवढ्यावरूनच तुला कळेल की इथे काहीतरी जगावेगळं घडलं आहे.

तुमच्या गावच्या विहारासाठी बुद्धमूर्ती घडते आहे हे तुला ठाऊक होतंच. बसलेली मूर्ती आणि खालचं कमळासन, सगळं एकाच दगडातलं. वजन पंचवीस टन. ती सावनेरच्या शिल्पकाराकडून गावात आणायची कशी, यावर कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष तुझी आई, म्हणजे सगळ्या गावाच्या सिंधूताई, त्यामुळे बैठकीत बोलणारं माणूस एकच होतं. सेक्रेटरी रजतने भीत भीत माझं नाव काढलं. आपल्या समाजातली पोरगी आहे, स्वतःचा घोडा आहे, स्वतःचा ट्रेलर आहे. त्यावर मागच्या रांगेतल्या एका आजीने विचारलं म्हणे की घोड्यानं एवढा दगड कसा ओढवन. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनवाल्या गाडीला घोडा म्हणतात, हे समजावण्यात रजतचा अर्धा तास गेला. तोवर माझं नाव ऐकून आलेला तुझ्या आईचा राग निवला असावा. तिने होकार दिला, पण बजावून दिला. पौर्णिमेच्या दिवशी बुद्ध विहारात बसले पाहिजेत. मोठी क्रेन चंद्रपूरकडून येणार आणि दुपारी बारापर्यंतच थांबणार, नंतर तिची दुसरीकडे बोली झालेली. गाडी वाटेत कुठे अडली, दंड झाला, क्रेन निघून गेली, तर पौर्णिमेला बुद्ध रस्त्यावर उभे राहतील. "आन् मंग मले कोनी म्हनू नका का बाईमानसाले काम काहून दिलं," असं तिने सगळ्यांसमोर म्हटलं. रजतने मला ते जसंच्या तसं ऐकवलं. रजत मनाचा चांगला आहे, पण गाळणी नाही त्याच्याकडे.

खरं सांगते, मला त्या दिवशी झोप आली नाही. ट्रेलर घेतल्यापासून मी लोखंडी पाइप नेले, सिमेंटचे खांब नेले, भिलाईच्या पट्ट्या नेल्या. पण ते सगळं मुक्कामाला पोचलं की कोणी विचारत नाही आणलं कोणी. हा दगड पुढची शंभर वर्षं तिथे बसणार आणि कोणी आणला हे गाव विसरणार नाही. नीट आणला तरी, आणि अडकवला तरी. त्यात तुझी आई. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही.

तू वाडीच्या यार्डात माझा ट्रेलर बांधत होतास ते दिवस आठवतात का? तू सांगाड्याखाली उताणा झोपून एक्सलची जागा आखायचास आणि मी स्टूलवर बसून तुला टेप धरून द्यायची. एकूण वजन कायद्यात बसलं की झालं, अशी माझी समजूत होती. बाबांनी सगळी हयात तेवढंच बघितलं होतं. तू खालून ओरडून सांगितलंस की एकूण वजन ही अर्धीच गोष्ट आहे, कोणत्या चाकांवर किती बसलं ते बघ. ट्रेलरच्या मागच्या तिन्ही एक्सलवर मिळून सत्तावीस टन, घोड्याच्या मागच्या एक्सलवर साडेअकरा, त्यापुढे नाही. माल मागे सरकला की मागची चाकं भरतात, पुढे सरकला की घोडा दबतो. पाइपसारखा लांबलचक माल स्वतःच वाटून बसतो. पण आकाराने छोटा आणि वजनाने भारी माल असेल तर त्याला बसायला त्या लांबच लांब ट्रेलरवर जेमतेम दोन हातांची जागा असते. ती चुकली की एकूण वजन बरोबर असूनही गाडी ओव्हरलोड. तू ती दोन हातांची जागा मला खडूने आखून दाखवलीस आणि त्याच दिवशी कोपऱ्यावर तर्री-पोहे खाता खाता, अगदी त्याच आवाजात, विचारलंस, "आपण लग्न केलं तर ट्रेलर तुझा राहील का माझा?" मला हसू आलं, तर्री नाकात गेली, असा ठसका लागला की हॉटेलवाला पाणी घेऊन धावत आला. तू तो ठसका म्हणजे नकार धरलास. मला वाटलं, परत विचारशील. तू विचारलं नाहीस.

मग कोणीतरी मला येऊन सांगितलं की सिंधूताई म्हणतात, "ड्रायव्हर सून? आज रायपूर, उद्या बेल्लारी. तिची वाट पायता पायता मीच फोटोत जाईन." मी त्यावरही हसले, पण जरा कमी. पुढे तू जमशेदपूरला नोकरीवर गेलास आणि तेव्हापासून आपण फोनवर टायर आणि स्प्रिंगच्या कमान्यांबद्दल बोलतो. जगात दोन माणसं टायरबद्दल इतकं बोलू शकतात याचं मला कधी कधी नवल वाटतं.

तर, आदल्या दिवशी दुपारी सावनेरला मूर्ती चढवायची होती. कमिटी आली होती, तुझी आई छत्री घेऊन उभी होती, ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका. क्रेनने मूर्ती उचलली आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. सगळ्यांची इच्छा की बुद्धांचं तोंड पुढे, गावाच्या दिशेला असावं. मीही तसंच बसवायला घेतलं. पण मूर्तीच्या पाठीशी एक जाड शिळा आहे, सगळं वजन तिकडे. तोंड पुढे केलं की ती जड पाठ मागच्या चाकांवर येत होती. मूर्ती आणखी पुढे सरकवावी, तर ट्रेलरचा पुढचा चढलेला भाग आड येत होता. तू आखलेल्या दोन हातांच्या जागेत ते वजन एकाच तऱ्हेने बसत होतं. पाठ घोड्याकडे आणि तोंड मागे. मी तसं सांगितलं. तुझ्या आईने छत्री मिटली. "काहून वं, गावात बुद्धाले पाठमोरं घेऊन येतं का?" मी म्हटलं, "काकू, पाठमोरे नाहीत. गाडीच्या मागून सगळं गाव येणार आहे ना, त्यांच्याकडे तोंड आहे." तिने छत्री परत उघडली. पटलं म्हणून नव्हे, तर ऊन लागलं म्हणून, असं मला वाटतं. बाबांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं की हे तुला आत्ता सुचलं का घरून पाठ करून आलीस.

साखळ्या आवळून मी तिथेच जवळच्या धरमकाट्यावर गाडी नेली. घोडा वेगळा तोलला, मागचे तिन्ही एक्सल वेगळे तोलले. मागे सव्वीस टनांच्या किंचित वर, घोड्याच्या मागच्या एक्सलवर दहा-साडेदहा. सगळं कायद्यात. तुझी आखणी तंतोतंत निघाली. मी तुला त्याच वेळी फोन करणार होते, पण आजूबाजूला कमिटी होती आणि माझा आवाज जरा जास्तच आनंदी आला असता.

पौर्णिमेला पहाटे निघालो. पुढे पांढऱ्या कपड्यांतली मोटरसायकलवाली पोरं, मध्ये मी, मागे दोन मेटॅडोर भरून बाया, त्यातल्या पहिलीत ड्रायव्हरशेजारी तुझी आई. माझ्याशेजारी बाबा. कंबर गेल्यापासून ते चालवत नाहीत, पण बसतात मात्र, आणि प्रत्येक वळणाला समोरच्या पत्र्यावर पाय दाबून ब्रेक मारतात. आउटर रिंगरोडवर लोक गाड्या थांबवून हात जोडत होते. एका चहावाल्याने पळत येऊन हार दिला, मग दुसऱ्याने, मग पेट्रोल पंपावरच्या सगळ्यांनी. मी आरशात बघायची तर मागे मेटॅडोरमधल्या बाया मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघत गात येत होत्या. रोहित, मी इतकी वर्षं आरशात मागे फक्त हॉर्न वाजवणारी वाहनं बघितली आहेत. त्या सकाळी मला गाडी कधी पोचू नये असं वाटलं.

उमरेड रोडला लागलो आणि परिवहन खात्याच्या फिरत्या पथकाने हात दाखवला. साहेब तरुण होते, बोलायला सौम्य. आधी त्यांनी मूर्तीला हात जोडले, मग मला कागद मागितले. मी सावनेरची काटापावती दाखवली. ते म्हणाले, कालची आहे, वाटेत काय चढलं-उतरलं मला माहीत नाही, पुढे अर्ध्या किलोमीटरवर काटा आहे, एकदा करून घेऊ, पाच मिनिटांत मोकळ्या व्हाल. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी तर खुशीत होते. म्हटलं बघू दे सगळ्यांना. परीक्षेत पहिला येणार हे माहीत असलेलं पोर जसं निकालाला जातं तशी मी काट्यावर गाडी चढवली. घोडा तोलला, बरोबर. मग मी गाडी पुढे घेतली, घोडा काट्याच्या पलीकडे उतरवला, मागचे तिन्ही एक्सल तेवढे काट्यावर ठेवले आणि पावती घ्यायला केबिनकडे गेले.

तिथले काटेवाले मधुकरराव. वय झालेले, अंगात बनियन, आणि केबिनच्या एकुलत्या एका खिडकीत कूलर बसवलेला. नागपूरचा मे महिना, त्यात नवल काही नाही. पण त्यामुळे काट्यावर काय उभं आहे ते त्यांना दिसत नाही, फक्त समोरचा आकडा दिसतो. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. साडेअठ्ठावीस टन.

सत्तावीसच्या वर दीड टन. रात्रीतून दगड वाढतो का? साखळ्या ढिल्या होऊन मूर्ती मागे घसरली असेल का? मी बाबांना बघायला पाठवलं. ते बघून आले, मूर्ती सावनेरला केलेल्या खुणेवर घट्ट आहे. रजतने हार काढायला सुरुवात केली. एवढे हार झालेत भावनाताई, त्यांचंच वजन असेल, म्हणाला. दीड टन झेंडू. बाबा म्हणाले, बहुतेक डिझेल जास्त भरलंस. टाकी घोड्याला असते आणि घोडा काट्यावर नाही, हे त्यांना चाळीस वर्षं गाडी चालवून माहीत आहे, पण घाबरलेलं माणूस काहीही बोलतं. साडेनऊ वाजून गेले होते. क्रेनवाल्याचा फोन आला, त्याला मी येतेच म्हटलं आणि घाम पुसला.

रजतने शेवटी साहेबांना हात जोडले. साहेब, बुद्धपौर्णिमा आहे, गाव इथून हाकेवर आहे. साहेबांनी घड्याळ बघितलं, मूर्तीकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले की ठीक आहे, सावकाश न्या, आज मी पावती बघितलीच नाही असं समजतो. सगळ्यांचे चेहरे फुलले. आणि मी म्हटलं, "नको साहेब. परत काटा करा."

मला स्वतःलाच माझा आवाज परका वाटला. पण काय करू, तसं जाणं मला जमलंच नसतं. गाडी खरंच ओव्हरलोड असेल तर गावाच्या अलीकडचा नाल्यावरचा पूल जुना आहे, आणि वर कोणाची मूर्ती आहे हे पुलाला कळत नाही. आणि ओव्हरलोड नसेल, तर मी दुसऱ्याच्या मेहरबानीवर का जाऊ? गावात जन्मभर बोललं गेलं असतं की बाईने गाडी जास्त भरली होती, साहेब भला होता म्हणून सुटली. तुझी आखणी खोटी पडली असती ते वेगळंच. पण हे सगळं मला तिथे मांडता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की साहेब, पंचशील म्हणत ज्यांना गावात नेते आहे, त्यांना खोट्या वजनाने नेणार नाही.

तेवढ्यात कोणीतरी जाऊन तुझ्या आईला सांगितलं. ती केबिनच्या दारात आली, पदर खोचलेला. "साहेब सोडून राहिले तं तू काहून अडून बसली वं? तुले का पोचायचंच नाही का आज?" मी म्हटलं, काकू, दहा मिनिटं द्या. ती म्हणाली, दहा मिनिटं घे, आम्ही तोवर वंदना घेतो, पण मंग मी तुयं काही ऐकनार नाही. आणि फणकाऱ्याने गेली. मी मान खाली घालून विचार करत राहिले. मधुकररावांनी काटा बंद करून चालू केला, शून्य लावायचं तर गाडी उतरवावी लागेल म्हणाले. बाहेरून बायांच्या आवाजात बुद्धं सरणं गच्छामि सुरू झालं. आकडा आता एकोणतीसच्या पुढे गेला. मधुकरराव म्हणाले, हा काय प्रकार, गाडी उभ्या उभ्या वजन धरून राहिली.

मी बाहेर आले. आणि मला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर चपला. काट्याच्या लोखंडी पाट्याच्या कडेने, विहाराच्या दाराशी असतात तशा, ओळीने मांडून ठेवलेल्या चपला. प्लॅस्टिकच्या, चामड्याच्या, एक निळा बूट, आणि त्यांच्यात साहेबांच्या शिपायाचे पॉलिश केलेले तपकिरी बूट, आत मोजे खोचलेले. मी चपलांवरून नजर वर नेली. ट्रेलरच्या मागे, काट्याचा जो अर्धा भाग रिकामा होता त्यावर, दोन्ही मेटॅडोरमधलं सगळं गाव हात जोडून, डोळे मिटून उभं होतं. बुद्धांचं तोंड मागे होतं ना. मग माणसं उभी राहणार कुठे? समोर. आणि समोर होता काटा. गाडी थांबल्या क्षणापासून लोक एकेक करून तिथे जमत गेले होते आणि मधुकररावांचा काटा प्रत्येकाला इमाने इतबारे तोलत गेला होता. बाबा आणि रजत त्यांच्यातूनच वाट काढत आले-गेले होते, पण माणसांचंही वजन भरतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मीही चपला काढून कडेला हात जोडून उभी राहिले. वंदना चालू होती, मध्ये कशी तोडणार? माझ्या मागून साहेब आले. त्यांनी चपला बघितल्या, माणसं बघितली, आपल्या शिपायाचे अनवाणी पाय बघितले, आणि रुमाल तोंडाला लावून दुसरीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. पंचशील पूर्ण झालं, साधु साधु साधु झालं, तेव्हा मी तुझ्या आईजवळ गेले. म्हटलं, काकू, सगळ्यांना जरा खाली उतरायला सांगता का, तुम्ही काट्यावर उभ्या आहात. ती म्हणाली, "मंग? चपला काढूनच उभ्या आहो ना वं. अजून किती हलकं व्हावं मानसानं?"

बस. त्यानंतर कोणाला कोणाचं ऐकू आलं नाही. साहेबांनी रुमाल सोडून दिला. बाबा काट्याच्या कडेवर बसून डोळे पुसत होते. बायांना काय झालं ते कळायला जरा वेळ लागला, मग एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला सांगितलं आणि हसण्याची लाट मागेपर्यंत गेली. सगळे उतरले. मधुकररावांनी आतून ओरडून आकडा सांगितला. सव्वीस टनांच्या किंचित वर. सावनेरला होता तोच. साहेबांनी पावतीवर सही केली आणि म्हणाले, ताई, मघाशी मी सोडत होतो ते तुम्ही ऐकलं नाहीत, बरं केलंत. गाडी काट्यावरून उतरल्यावर तुझी आई एकटीच परत वर चढली. कोणाचं लक्ष नाही असं बघून तिने विचारलं, माह्यं किती भरते? मधुकरराव म्हणाले, ऐंशी. ती म्हणाली, काटा खोटा आहे. ते म्हणाले, ताई, दगड-लोखंड तोलायचा काटा आहे, वीस-वीस किलोने सरकतो, मागेपुढे धरा. तिने मागे धरलं.

क्रेन गाठली आपण. पुलावर मी गाडी गोगलगायीच्या चालीने नेली, सगळं गाव खाली उतरून मागून चालत आलं, बुद्धांकडे बघत. वेशीपासून विहारापर्यंत वाट अशी गच्च होती की मला फक्त डोकी दिसत होती. मूर्ती क्रेनने उचलली, गोल फिरवली, आसनावर टेकली, आणि तुझी आई लहान मुलीसारखी रडली. मीही. बाबा तर सावनेरपासूनच रडत होते.

संध्याकाळी खीर वाटून झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी म्हटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तिने माझ्यासमोर खिरीची दुसरी वाटी ठेवली. मग म्हणाली, "गाडी सुटत होती तरी तू हलली नाही. मले तवा लय राग आला होता." मी म्हटलं, दिसत होतं. ती म्हणाली, "असं अडून बसनारं मानूस घरात एक असावं. रोहित तं कोनी हो म्हन म्हटलं का हो म्हनते." मग तिने सरळच विचारलं की माह्या पोरानं तुले कधी इचारलं होतं का. मी तर्रीचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "मंग त्याचं इचारून झालं. आता तुयी पाळी. आन् फोनवर नको इचारू, तो इकडून ऐकते आन् तिकडून सोडून देते. लिहून पाठव. मले मधात घालू नको, मी अध्यक्ष आहो, मले लय कामं आहेत." रोहित, ते घर, ती खीर आणि तो हुकूम, मी इतकी सुखात कधीच नव्हते.

तेव्हा हे पत्र म्हणजे मागणी आहे. आपल्याकडे ती मुलीने स्वतः घालायची रीत नाही, पण तुझ्या आईने काढली. मी, भावना, धम्मानंद यांची मुलगी, हेवी लायसन्सवाली, घोडा आणि ट्रेलर यांची मालकीण, तुला विचारते आहे की माझ्याशी लग्न करशील का. माझं तुझ्यावर प्रेम आहे, टायरबद्दल बोलताना पण होतं आणि ठसका लागला तेव्हा तर फारच होतं. स्टिअरिंग मी सोडणार नाही, आज रायपूर उद्या बेल्लारी चालूच राहील, आणि ट्रेलर माझाच राहील, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर हे. होकार असेल तर मला फोन कर. नकार असेल तर मला काही कळवू नकोस, सरळ आईला फोन लाव आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की तिने पसंत केलेली सून तुला नको आहे.

तुझीच,
भावना